ग्रंथातील फारसी आणि घरातील फारसी

तत्कालीन आंध्र प्रदेश शासनाच्या महसूल खात्यात आम्ही रुजू झालो तेव्हा इनामांच्या आणि जागिरींच्या जुन्या मिसली चाळण्याचे काम आमच्या वाट्यास आले. निजामाच्या राज्यात १८८४ च्या सुमारास फारसी मागे पडून उर्दू ही दफ्तराची भाषा झाली. परंतु त्यापूर्वीच्या सनदा, परवाने, ताकिदा साऱ्या फारसीत. वाद आजच्या जमिनीचा असला तरी त्याचे मूळ दीडदोनशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या फारसी ओळीत असावयाचे. खात्यातील एका वयोवृद्ध सहकाऱ्यांनी आम्हांस हाताशी धरले. त्यांनी जुन्या शिरस्त्याप्रमाणे आधी ‘करीमा’ आणि नंतर सादीचे ‘गुलिस्ताँ’ शिकविले. तीनचार वर्षांत आम्ही शिकस्ता लिपीतील सनदा वाचू लागलो. एखाद्या शब्दावर अडलेले सहकारी मिसल घेऊन आमच्या मेजापाशी येत, आणि आपणांस फारसी येते असा समज आमच्या मनात पक्का झाला.

हा समज २००९ मध्ये एका संध्याकाळी ढळला. त्या काळी इराणातून हैदराबादेस शिकावयास येणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या बरीच होती. असाच एक तरुण आमच्या गल्लीत भाड्याने राहावयास आला. पंचवीस वर्षे जपलेली विद्या दाखविण्याची ही संधी आम्ही कशी सोडणार? जिन्यात गाठून आम्ही त्यास विचारले, ‘हाल-ए-शुमा चिगूना अस्त?’ तो क्षणभर थबकला, मग अदबीने हसला आणि म्हणाला की आपण फार ‘केताबी’ बोलता. पुस्तकी, असे त्यास म्हणावयाचे होते. पुढे दोन मिनिटांनी त्याच्या आईचा दूरध्वनी आला. तो जे बोलला त्यातील एकही वाक्य आम्हांस कळले नाही. ‘नेमीदूनम’, ‘मियाम’, ‘खूने’ असे काही ध्वनी तेवढे कानी पडले. हे शब्द ‘गुलिस्ताँ’त नव्हते, आमच्या एकाही सनदेत नव्हते.

नंतर काही रविवार त्याने आमच्या घरी चहास येऊन या ध्वनींचा उलगडा केला. ‘नेमीदूनम’ म्हणजे आमच्या ओळखीचे ‘नमी-दानम’, मला ठाऊक नाही. ‘मियाम’ म्हणजे ‘मी-आयम’, येतो. ‘खूने’ म्हणजे ‘खाना’, घर. शब्द सारे आमचेच होते, आम्ही त्यांस ओळखले नव्हते. पुस्तकातून फारसी शिकणाऱ्या प्रत्येकास ही ठेच लागते. ती का लागते याचा शोध घेताना आम्ही व्याकरणातून इतिहासात शिरलो. हा लेख त्या शोधाचा.

प्रथम एक गुंता सोडविला पाहिजे. त्या तरुणाची आणि आमची फारसी दोन वेगळ्या कारणांनी भिन्न होती आणि ही दोन्ही कारणे शिकणारा एकत्र करतो. पहिले कारण हिंदुस्थानी आणि इराणी उच्चारांचे. जुन्या फारसीत दीर्घ ‘ए’ आणि दीर्घ ‘ई’ हे दोन निराळे स्वर होते, तसेच ‘ओ’ आणि ‘ऊ’ हेही. अरबी लिपीत या जोड्या एकाच अक्षराने लिहिल्या जात. त्यामुळे ‘शेर’ म्हणजे सिंह आणि ‘शीर’ म्हणजे दूध हे शब्द कागदावर अगदी सारखे दिसत, कानाला मात्र वेगळे लागत. जलालुद्दीन रूमीने ‘मसनवी’त या साम्याचाच आधार घेऊन, वरून सारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टी आतून किती भिन्न असतात ते सांगितले आहे. पुढे इराणात ‘ए’चा ‘ई’ झाला आणि ‘ओ’चा ‘ऊ’ झाला. तेथे आता सिंहही ‘शीर’ आणि दूधही ‘शीर’. फारसी भाषा हिंदुस्थानात आली ती या बदलाच्या आधीचे उच्चार घेऊन, आणि येथे तिने ते जपले. काबूलकडेही ते टिकले आहेत.

याचा पुरावा शोधण्यास मराठी माणसास ग्रंथालयात जाण्याची गरज नाही. आपण ‘रोज’ म्हणतो, तेहरानचा माणूस ‘रूज’ म्हणतो. आपला ‘जोर’ तेथे ‘जूर’, ‘दोस्त’ तेथे ‘दूस्त’, ‘मेवा’ तेथे ‘मीवे’, आपण शत्रूला ‘जेरीस’ आणतो तो ‘जेर’ तेथे ‘जीर’. ‘बेकार’ मधला ‘बे’ तेथे ‘बी’ आहे. आणि आपले पेशवे? ते तेहरानात ‘पीश्वा’ होतात. आमच्या त्या तरुण मित्रास शनिवारवाड्याची गोष्ट सांगताना ‘पेशवा’ हा शब्द त्याच्या लक्षात यावयास बराच वेळ लागला. लक्षात आल्यावर मात्र त्याने सांगितले की आम्ही बोलतो तसे त्याचे कोणी पूर्वज बोलत असावेत. उच्चाराच्या बाबतीत, म्हणजे, आमची फारसी चुकीची नव्हती, जुनी होती. याउलट ऱ्हस्व स्वरांत इराणने वेगळीच वाट धरली: आपले ‘दिल’ तेथे ‘देल’, ‘गुल’ तेथे ‘गोल’, ‘किताब’ तेथे ‘केताब’. यापुढील उदाहरणे आम्ही इराणी उच्चारानेच देत आहोत.

दुसरे कारण अधिक खोल आहे आणि त्याचा हिंदुस्थानशी संबंध नाही. इराणातील माणूसही लिहितो एक आणि बोलतो एक. वर्तमानपत्र, शासकीय पत्र, दूरदर्शनवरील बातम्या, अध्यापकाचे लिखित व्याख्यान यांची फारसी ‘केताबी’ असते. तोच वृत्तनिवेदक घरी जाऊन पोराबाळांशी बोलतो ती ‘मोहावरे’, म्हणजे बोलण्याची फारसी. यात अशिक्षित आणि सुशिक्षित हा भेद नाही. विद्यापीठातील आचार्य घरात ‘केताबी’ बोलू लागले तर कुटुंबीयांस ती थट्टा वाटेल.

भेदाचे स्वरूप नियमबद्ध आहे, ते थोडे पाहू. शब्दातील ‘आन’ आणि ‘आम’ यांचा बोलताना ‘ऊन’ आणि ‘ऊम’ होतो. ‘नान’चे ‘नून’, ‘खाने’चे ‘खूने’, ‘बारान’ म्हणजे पाऊस त्याचे ‘बारून’, ‘जान’चे ‘जून’, आणि खुद्द राजधानीचे ‘तेहरून’. मात्र ‘ईरान’ हे देशाचे नाव सहसा तसेच राहते, ‘कुरआन’ही तसेच राहते. आदराचे, विद्वत्तेचे शब्द या नियमातून सुटतात. म्हणजे बोलणाऱ्याचे भाषिक भान किती सूक्ष्म असते पाहा. कोणता शब्द घरचा आणि कोणता दरबारचा, हे त्यास कोणी शिकविलेले नसते.

खरी पडझड क्रियापदात होते. (पडझड हा शब्द आम्ही जुन्या सवयीने वापरला, तो योग्य नाही हे पुढे येईलच.) ‘मी-रवम’ म्हणजे जातो. येथला ‘मी’ मराठी ‘मी’ नव्हे, तो वर्तमानकाळाचा पूर्वप्रत्यय आहे. आरंभी आमची येथे फार गल्लत होई. हे ‘मी-रवम’ बोलताना ‘मीरम’ होते. ‘मी-गूयद’, म्हणतो, याचे ‘मीगे’. ‘मी-खाहम’, मला हवे, याचे ‘मीखाम’. ‘मी-शवद’, होते, याचे ‘मीशे’. ‘मी-तवानम’, मी करू शकतो, याचे ‘मीतूनम’. ‘बेगोजार’, म्हणजे ठेव किंवा असू दे, याचे तर ‘बेजार’ होते, आणि मराठी माणूस ते ऐकून गोंधळतो. आपला ‘बेजार’, कंटाळलेला, हा इराणात ‘बीजार’ आहे. तृतीय पुरुषी एकवचनाचा ‘अद’ प्रत्यय सहसा ‘ए’ होतो, अनेकवचनाचा ‘अंद’ हा ‘अन’ होतो, आणि द्वितीय पुरुषाचा ‘ईद’ हा ‘ईन’ होतो. ‘अस्त’, म्हणजे आहे, याचा नुसता ‘ए’ उरतो: ‘खूब अस्त’चे ‘खूबे’. मराठी वाचकास यात परके काय आहे? ‘चांगले आहे’ असे लिहून आपण ‘चांगलंय’ म्हणतो, ‘करीत आहे’ असे लिहून ‘करतोय’ म्हणतो. परदेशी विद्यार्थ्यास पुस्तकातून मराठी शिकवून पुण्यात नेऊन सोडले आणि कोणी त्यास ‘कुठं निघालायस?’ असे विचारले, तर तोही आमच्यासारखाच जिन्यात उभा राहील.

कर्माचा ‘रा’ प्रत्यय बोलताना ‘रो’ किंवा नुसता ‘ओ’ होतो. ‘आन केताब-रा दर खाने खाँदम’, ते पुस्तक मी घरात वाचले, हे पुस्तकी वाक्य. बोलताना ते ‘ऊन केताबो तू खूने खूँदम’ असे होते. पाच शब्दांतला एकही जसाच्या तसा राहिलेला नाही. वाक्यातील क्रमही ढळतो. फारसीत क्रियापद शेवटी, हा पहिल्या धड्यातला नियम: ‘बे खाने रफ्तम’, घरी गेलो. परंतु बोलताना ‘रफ्तम खूने’. स्थळ क्रियापदाच्या मागे गेले आणि ‘बे’ हे शब्दयोगी अव्यय गळून पडले. मराठीतही बोलताना ‘गेलो घरी’ असे आपण म्हणतो, पण आपल्याकडे त्यात थोडा ठसका असतो. तेथे तो रोजचा, सरळ क्रम आहे.

येथवर वाचून कोणी म्हणेल की बोली म्हणजे लिखित भाषेचा आळशी संक्षेप. आमच्या गुरुस्थानी असलेल्या त्या सहकाऱ्यांचेही असेच मत झाले असते. परंतु बोलीत काही गोष्टी अशा आहेत की ज्या लिखित भाषेत मुळात नाहीतच. ‘पेसर’ म्हणजे मुलगा. बोलताना ‘पेसरे’, शेवटच्या स्वरावर आघात देऊन, म्हणजे ‘तो मुलगा’, ज्याच्याविषयी आपले बोलणे चालू आहे तो. हा निश्चितार्थी प्रत्यय जुन्या व्याकरणांत सापडत नाही. दुसरे, क्रिया या क्षणी चालू आहे हे सांगण्यासाठी ‘दाश्तन’, म्हणजे जवळ असणे, हे क्रियापद साहाय्यक म्हणून येते: ‘दारम मीरम’, मी जात आहे, वाटेत आहे. दोन्ही क्रियापदे चालविली जातात आणि या रचनेचे नकारार्थी रूप होत नाही. झुकोव्स्की या रशियन पंडिताने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बोलीतील या रचनेकडे लक्ष वेधले. पुढे ती हळूहळू लेखनातही उतरली. तिसरी गोष्ट आम्हांस सर्वांत विलक्षण वाटते. ‘रफ्तम’ म्हणजे गेलो, आणि ‘रफ्ते-अम’ म्हणजे गेलेलो आहे. बोलताना दुसऱ्याचेही ‘रफ्तम’ होते, फक्त आघात पहिल्या अवयवावरून शेवटच्या अवयवावर सरकतो. म्हणजे एका काळाचा दुसऱ्या काळापासूनचा भेद केवळ आवाजाच्या जोरावर उभा आहे. डोळ्यांनी फारसी शिकलेल्या माणसास हा भेद कधीच दिसणार नाही. ज्या भाषेने स्वतःची नवी रूपे आणि नवे प्रत्यय घडविले, तिला पडझड कसे म्हणावे?

मग आम्हांस हे कोणी का सांगितले नाही? येथे इतिहास येतो.

नवफारसी नवव्या-दहाव्या शतकांत काव्याची आणि दरबाराची भाषा झाली. फिर्दौसीचा ‘शाहनामा’ १०१० च्या सुमारास पुरा झाला, सादीचे ‘गुलिस्ताँ’ १२५८ मधले. या ग्रंथांनी भाषेचे जे रूप बांधून दिले ते पुढे समरकंदापासून गोवळकोंड्यापर्यंत आणि दिल्लीपासून इस्तंबूलपर्यंत लिहिले गेले. त्यात लिहिणाऱ्यांपैकी असंख्यांची ती घरची भाषा नव्हतीच. जी भाषा इतक्या मुलखांची सामाईक असते तिला कोण्या एका शहराच्या तोंडचे वळण घेणे परवडत नाही. आमच्या शहराचेच उदाहरण द्यावयाचे तर ‘बुर्हान-ए-काते’ हा फारसीचा प्रसिद्ध शब्दकोश १६५२ मध्ये गोवळकोंड्याच्या अब्दुल्ला कुतुबशहास अर्पण झाला. त्याचा कर्ता मूळचा तब्रीजचा, पण कोश घडला तो दख्खनेत. मराठ्यांच्या दफ्तरांनीही फारसीचा हा लिखित साचाच उचलला. शिवकालीन पत्रांचा ‘अजरख्तखाने’ असा आरंभ आपण वाचतो. त्यातील ‘अज’ म्हणजे पासून. पुढे ‘बजानेब कारकुनानि’ येते. त्यात ‘बजानेब’ म्हणजे कडे, आणि ‘कारकुनान’ मधला ‘आन’ हा फारसी अनेकवचनाचा प्रत्यय. आज तेहरानात बोलताना हा ‘आन’ कोणी लावीत नाही, ‘हा’ लावतात आणि त्याचाही नुसता ‘आ’ करतात. रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली झालेल्या ‘राजव्यवहारकोशा’ने फारसी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द दिले, तेही दफ्तरी फारसीचेच. घरच्या फारसीशी आपला संबंध कधी आलाच नाही.

युरोपीय लोक फारसी शिकू लागले तेही याच वाटेने. विल्यम जोन्स यांचे फारसी व्याकरण १७७१ मध्ये निघाले, त्यातील उदाहरणे कवींच्या वचनांतून घेतलेली. कंपनीच्या अधिकाऱ्यास तेहरानच्या बाजारात भाजी घ्यावयाची नव्हती, त्यास मुर्शिदाबादचा खलिता वाचावयाचा होता. १८३७ च्या कायद्याने कंपनीच्या मुलखातील कचेऱ्यांतून फारसी उठविण्याची वाट मोकळी झाली. परंतु पाठ्यपुस्तके मात्र तीच राहिली. फरक मान्य करणारे पुस्तक हिंदुस्थानातच निघावे हा योगायोग मोठा आहे: फिलट या लष्करी अधिकाऱ्याचे ‘हायर पर्शियन ग्रामर’ १९१९ मध्ये कलकत्त्यास छापले गेले, आणि अफगाणी फारसी व आधुनिक फारसी यांतील फरक दाखविण्याचे आश्वासन त्याच्या मुखपृष्ठावरच आहे. आमच्या सहकाऱ्यांच्या हाती ते पडले असते तर आमची जिन्यातील फजिती टळली असती.

याच फिलटने १९०५ मध्ये कलकत्त्यास आणखी एक पुस्तक छापविले. जेम्स मोरियर या इंग्रजाने १८२४ मध्ये ‘हाजीबाबा’ ही इराणी माणसाची खोडकर कादंबरी लिहिली होती. तिचा फारसी अनुवाद मिर्झा हबीब इस्फहानी यांनी इस्तंबुलात निर्वासित असताना केला. त्या अनुवादात बाजारचे, हमामाचे, मुलखाचे जिवंत बोलणे उतरले. आता गंमत अशी की हेच मिर्झा हबीब ‘दस्तूर-ए-सोखन’ (१८७२) या फारसी व्याकरणाचे कर्ते. फारसीचे व्याकरण अरबी साच्यातून सोडवून स्वतंत्रपणे मांडण्याचा तो आरंभीचा प्रयत्न, आणि व्याकरणास ‘दस्तूर’ हे नाव तेव्हापासून रूढ झाले. आपला ‘दस्तूर’ तोच. एकाच माणसाने एका हाताने लिखित भाषेचे नियम बांधावेत आणि दुसऱ्या हाताने बोलीस कागदाचे दार उघडून द्यावे, हे आम्हांस विसंगत वाटत नाही. नियम ज्यास ठाऊक असतो त्यासच दार कोठे आहे ते दिसते.

ते दार सताड उघडले ते राजकीय क्रांतीने. १९०६ मध्ये इराणात राज्यघटनेचा लढा यशस्वी झाला आणि वृत्तपत्रांचे पीक आले. त्यांतील ‘सूर-ए-इस्राफील’ या पत्रात १९०७ ते १९०८ या काळात अली अकबर देहखोदा ‘चरंद-ओ-परंद’ हे उपहासपर सदर लिहीत. दखो या गावंढळ पण चतुर माणसाच्या नावाने ते सही करीत. मुल्ला, सरदार, शहा यांची टर उडवावयाची तर ती लोकांच्या तोंडच्या भाषेत उडविली पाहिजे हे त्यांनी ओळखले. त्याची किंमतही चुकवावी लागली. जून १९०८ मध्ये मोहम्मद अली शहाने संसदेवर तोफा डागल्या, पत्राचे संपादक मिर्झा जहांगीर खान यांस ठार मारले आणि देहखोदांस देश सोडावा लागला. परत आल्यावर याच गृहस्थांनी म्हणींचा मोठा संग्रह केला आणि पुढे फारसीचा महाकोश, ‘लोगतनामे’, हाती घेतला. १९५६ मध्ये त्यांचा अंत झाला तेव्हा तो अपुराच होता.

त्यानंतरचे नाव मोहम्मद अली जमालजादे यांचे. १९२१ मध्ये त्यांचा ‘येकी बूद येकी नबूद’ हा कथासंग्रह बर्लिनमध्ये प्रसिद्ध झाला. प्रस्तावनेत त्यांनी लेखकांनी लोकांची भाषा लिहावी असा स्पष्ट आग्रह धरला आणि शेवटी बोलीतील शब्दांची यादी जोडली. त्यातील पहिली कथा ‘फारसी शकर अस्त’, फारसी म्हणजे साखर. युरोपातून परतलेला निवेदक अंजली बंदरावर उतरताच कोठडीत पडतो. तेथे एक शेख आहे, तो अरबीने भरलेले बोलतो. एक फ्रेंचाळलेला तरुण आहे, तो फ्रेंच शब्दांची पेरणी करतो. आणि रमजान नावाचा साधा पोरगा आहे, त्यास या दोघांचेही काही कळत नाही आणि तो घाबरून जातो की आपणास वेड्यांबरोबर कोंडले आहे. निवेदक त्याच्याशी सरळ फारसीत बोलतो तेव्हा पोराच्या जिवात जीव येतो. आम्ही ही कथा प्रथम वाचली तेव्हा हसलो, आणि दुसऱ्या वाचनात जिन्यातला तो प्रसंग आठवून थोडे खजील झालो. त्या कोठडीत आमची जागा कोणती, हे वेगळे सांगावयास नको.

पडद्यावर फारसी प्रथम बोलली ती तर आपल्या मुंबईत. पुण्यात जन्मलेले अर्देशीर इराणी, ‘आलम आरा’चे कर्ते, यांच्या इंपीरियल कंपनीत अब्दुल हुसेन सेपंता यांनी ‘दोख्तर-ए-लोर’ हा पहिला फारसी बोलपट तयार केला. १९३३ मध्ये तो तेहरानात झळकला. नायिका रूहअंगीज सामीनेजाद यांच्या बोलण्यास केरमानची झाक होती. पुस्तकात कोणाचीही झाक लपते, बोलपटात लपत नाही. त्याच वर्षी सादेक हेदायत यांची ‘अलविये खानोम’ ही ठासून बोलभाषेत लिहिलेली कथा निघाली. हेदायतही १९३६ मध्ये मुंबईस आले, तेथे पहलवी शिकले, आणि त्यांच्या ‘बूफ-ए-कूर’ या कादंबरीच्या हस्तलिखितावरून काढलेल्या सुमारे पन्नास प्रती येथेच निघाल्या.

एवढे होऊनही तडजोड कायम राहिली. इराणी कथाकार संवाद बोलीत लिहितात, निवेदन मात्र बहुधा ‘केताबी’च ठेवतात. आपल्या लेखननियमांनीही ‘केलं’, ‘म्हटलं’ यांस संवादात जागा दिली आणि अन्यत्र ‘केले’, ‘म्हटले’ राखले. दोन भाषांनी एकमेकींस न विचारता एकच तोडगा काढला. परकीयांसाठीच्या व्याकरणांनाही जाग यावयास विसाव्या शतकाचा मध्य उजाडला. लॅम्ब्टन बाईंचे १९५३ चे व्याकरण मुख्यतः लिखित भाषेचे. फ्रेंच पंडित जिल्बेर लाजार यांच्या १९५७ च्या व्याकरणाने मात्र बोलीच्या रूपांस लिखित रूपांच्या शेजारी मानाने बसविले. आता भ्रमणध्वनीवरील संदेशांत इराणी तरुण सर्रास ‘मीरम’, ‘मीखाम’ असेच लिहितात. त्यांच्या वडीलधाऱ्यांस ते खटकते, हेही ओघाने आलेच.

शिकणाऱ्याने मग काय करावे? आमचे मत विचाराल तर त्याने ‘केताबी’पासूनच आरंभ करावा. ‘मी-रवम’ ठाऊक असलेल्यास ‘मीरम’ एका दिवसात समजते. नुसते ‘मीरम’ ठाऊक असलेला सादीपाशी पोहोचत नाही, आणि काबूल व दुशान्बे येथील फारसीपाशीही नाही, कारण तेथील बोली तेहरानची नव्हे. परंतु शिक्षकाने पहिल्याच महिन्यात दुसरी फारसी आहे हे सांगावे आणि ती अशुद्ध आहे असे सांगू नये. हा शब्द आम्हांस लागतो. महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या मराठी माणसास तो लहानपणापासून ऐकावा लागतो. आमच्या घरात ‘नक्को’ म्हटले की पाहुणे हसत. ‘नको’ हाच शब्द दख्खनी उर्दूत जाऊन, दुप्पट जोराने घरी परत आला आहे, हे त्यांच्या गावी नसे.

तो इराणी तरुण २०१२ मध्ये शिक्षण संपवून परत गेला. जाण्यापूर्वी एका रविवारी आम्ही त्यास एका जुन्या सनदेची छायाप्रत दाखविली. त्याने ती हाती धरली, उलटसुलट करून पाहिली आणि शिकस्ता अक्षरांपुढे हात टेकले. ही लिपी त्याने कधी वाचलीच नव्हती. मग आम्ही बोट ठेवून एकेक शब्द उलगडीत गेलो आणि तो मोठ्याने म्हणत गेला. आम्ही म्हणावे ‘रोज’, त्याने म्हणावे ‘रूज’. ‘देह’, म्हणजे गाव, या शब्दावर मात्र दोघांचा उच्चार जुळला. त्या गावची चार बिघे जमीन कोणा फकिरास इनाम दिल्याचा तो कागद होता. शेवटची ओळ त्याने आमच्या मदतीवाचून वाचली.